माळ्यावरचा बर्फ आणि घरभर फिरणारा गारवा

ह्यूस्टनजवळच्या आमच्या घरी जुलैमधल्या एका दुपारी मी छपराखालच्या माळ्यावर चढलो, तेव्हा तिथून जाणाऱ्या तांब्याच्या जाड नळीवर बर्फाचा पांढरा थर जमलेला दिसला. बाहेर ३७ अंश तापमान होते, माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त होते आणि खाली दिवाणखान्यातला थर्मोस्टॅट ८२ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ २८ अंश, दाखवत होता. यंत्र बर्फ तयार करत होते आणि घर मात्र तापत चालले होते. साताऱ्याहून उन्हाळ्यापुरते आलेले माझे वडील शिडी धरून उभे होते. "गॅस संपला असणार," असे निदान त्यांनी खालूनच केले, आणि आपल्याकडे एसी बिघडला की सगळ्यांत आधी हेच ऐकू येत असल्यामुळे मलाही ते पटले. प्रत्यक्षात गॅस पुरेपूर होता. दोष तीन निरनिराळ्या ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी दोष आमच्याच पदरात पडणार होता. ते कसे, हे कळण्यासाठी आधी सगळी यंत्रणा समजून घ्यावी लागते.

अमेरिकेत, विशेषतः टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत, खोलीगणिक वेगळा एसी सहसा बसवत नाहीत. बहुतेक घरांत सगळ्या खोल्यांना मिळून एकच यंत्रणा असते. तिची एक पेटी बाहेर, घराच्या भिंतीलगत सिमेंटच्या चौथऱ्यावर असते आणि तिच्यात कॉम्प्रेसर, कंडेन्सरची जाळीदार कॉइल व डोक्यावर पंखा असतो. दुसरी पेटी माळ्यावर, गॅरेजमध्ये किंवा एखाद्या कपाटवजा खोलीत असते आणि तिच्यात हवा ढकलणारा ब्लोअर व थंड होणारी इव्हॅपोरेटर कॉइल असते. हिवाळ्यात घर उबदार करणारी गॅसची भट्टी बहुधा याच पेटीला जोडलेली असते आणि तोच ब्लोअर दोन्ही ऋतूंत राबतो. या दोन पेट्यांना तांब्याच्या दोन नळ्या जोडतात, आणि आतल्या पेटीपासून फुटलेले डक्टचे, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या जाड नळ्यांचे, जाळे माळ्यावरून पसरत प्रत्येक खोलीच्या छतातल्या झरोक्यापर्यंत जाते. पुण्या-मुंबईचा स्प्लिट एसी ज्याने पाहिला आहे त्याला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. स्प्लिटमध्ये आतली पेटी ज्या खोलीत असते त्याच खोलीत हवा सोडते, तर इथे ती हवा दूरवर वाहून न्यावी लागते आणि तेवढ्याच प्रमाणात परतही आणावी लागते. बहुतेक दुखणी या वाहतुकीतच उद्भवतात.

एसी गारवा तयार करतो असे आपण म्हणतो, पण तो खरे तर घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. उष्णता आपणहून नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, जसे पाणी उताराने वाहते. घरात २४ अंश आणि बाहेर ३७ अंश असताना घरातली उष्णता बाहेर न्यायची म्हणजे पाणी चढावर न्यायचे. सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांना यासाठी ताकारी, म्हैसाळ किंवा टेंभू या योजनांची आठवण पुरेशी आहे. तिथे कृष्णेचे पाणी पंपाने उचलून उंचावरच्या दुष्काळी गावांकडे नेतात, आणि पाणी जितके उंच चढवायचे तितकी वीज जास्त लागते. एसीतला कॉम्प्रेसर हा उष्णतेचा उपसा पंप आहे. घरात २४ ऐवजी २० अंश हवे म्हटले की उचलण्याची उंची वाढते. बाहेरची कॉइल धुळीने माखली की उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती आणखी गरम व्हावी लागते आणि पुन्हा उंचीच वाढते. भारतात १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचे मूळचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले, त्यामागे हेच गणित आहे. उलट, उष्णता केवळ उचलायची असल्यामुळे हा व्यवहार स्वस्तातही पडतो. आमच्या घरासारखा तीन टनांचा एसी तासाला सुमारे साडेदहा किलोवॅट-तास एवढी उष्णता बाहेर नेतो आणि त्यासाठी साधारण तीन युनिट वीज खातो.

उष्णता वाहून नेणारा हमाल म्हणजे ज्याला आपण 'गॅस' म्हणतो तो रेफ्रिजरंट. हे नाव थोडे फसवे आहे, कारण निम्म्या वाटेवर तो द्रव असतो आणि सारी किमया त्याच्या द्रवाचा वायू व वायूचा पुन्हा द्रव होण्यातच आहे. माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. माठाची ती वाफ हवेत विरून जाते. एसीत मात्र वाफ झालेला द्रव पकडून, दाबून, पुन्हा द्रव करून कामाला जुंपतात. आमच्या यंत्रात आर-४१०ए नावाचा रेफ्रिजरंट आहे. हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट दाबाखाली तो चार-साडेचार अंशांवर उकळतो, तर सुमारे तीसपट दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू ४९ अंशांच्या आसपास जातो. दाब बदलला की उकळण्याचे तापमान बदलते, हे आपण प्रेशर कुकरमध्ये रोज पाहतो. एसीत या एका गुणाचा दोन्ही बाजूंनी उपयोग करून घेतलेला आहे.

माळ्यावरच्या कॉइलमध्ये दाब कमी ठेवलेला असतो. घरातली २४ अंशांची हवा तिच्यावरून जाते तेव्हा आतला रेफ्रिजरंट त्या हवेच्याच उष्णतेवर उकळतो, आणि उष्णता गमावलेली हवा साधारण १३ अंशांची होऊन पुढे जाते. वायू झालेला रेफ्रिजरंट जाड नळीतून बाहेरच्या पेटीत येतो. या नळीवर काळ्या फोमचे आवरण असते आणि तिचा उघडा भाग चालू यंत्रात हाताला गार व ओला लागतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यामुळे त्याचा दाब आणि तापमान दोन्ही बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी वर जातात. मग वरचा पंखा कंडेन्सर कॉइलमधून बाहेरची हवा ओढून घेतो आणि ३७ अंशांची ती हवासुद्धा त्या कॉइलच्या मानाने थंडच ठरते, त्यामुळे उष्णता तिच्याकडे जाते आणि वायूचा द्रव होतो. हा कोमट द्रव बारीक नळीने माळ्यावर परततो. तिथे कॉइलच्या तोंडाशी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो. त्याच्या अरुंद वाटेतून पलीकडे जाताच दाब एकदम उतरतो, द्रवाचा काही भाग तत्क्षणी वायू होतो, उरलेला भाग थंडगार होतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. कॉइलमधून वायू किती तापून बाहेर पडतो ते पाहून हा व्हॉल्व्ह आपले तोंड कमी-जास्त उघडतो. कॉम्प्रेसरमध्ये शिरताना रेफ्रिजरंटचा थेंबही द्रवरूप उरू नये, ही त्याची जबाबदारी असते. वायू दाबता येतो, द्रव दाबता येत नाही, आणि द्रव आत शिरला तर कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो.

हा फेरा पूर्णपणे बंदिस्त असल्यामुळे रेफ्रिजरंट पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. दर उन्हाळ्यात 'गॅस भरून' घेणारी घरे गळती शोधण्याचा खर्च टाळून तोच खर्च हप्त्याहप्त्याने करत असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

थंड कॉइल आणखी एक काम करते आणि ह्यूस्टनसारख्या समुद्राजवळच्या दमट गावात ते काम तितकेच मोलाचे आहे. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसा या कॉइललाही येतो, कारण तिच्यावरून जाणाऱ्या हवेतली वाफ तिथे पाणी होऊन ठिबकते. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभच दमटपणापासून झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी आपली यंत्रणा आखली, ती कामगारांना गार वाटावे म्हणून आखलेली नव्हती. दमट हवेने कागद फुगत होता आणि एकावर एक छापायचे रंग जागचे हलत होते, ही छापखान्याची तक्रार होती. आमच्या घरात भर उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी सहज निघते. ते कॉइलखालच्या तबकात साठते आणि तिथून पीव्हीसीच्या पाऊण इंची नळीने बाहेर जाते. काळोख, ओल आणि कोमट माळा अशा वातावरणात त्या नळीत शेवाळासारखा बुळबुळीत गाळ धरतो आणि ती तुंबते. म्हणून पेटीच्या खाली आणखी एक मोठे तबक असते व त्यात तरंगता खटका बसवलेला असतो. पाणी तिथवर आले की खटका उचलला जातो आणि यंत्रणा बंद पडते.

पाणी काढायला वेळ लागतो, आणि एसी गरजेपेक्षा मोठा घेण्यातला तोटा इथेच आहे. मोठे यंत्र हवा पाच-सात मिनिटांत गार करून थांबते. कॉइल पुरती ओली होऊन पाणी वाहू लागण्याआधीच पाळी संपते आणि घर थंड पण चिकट राहते. शिवाय वारंवार सुरू-बंद होण्याने कॉम्प्रेसर झिजतो तो वेगळाच. घराला किती टनांचे यंत्र हवे, हे ठरवण्यासाठी इथे 'मॅन्युअल जे' नावाची हिशेबाची रीत आहे, तिच्यात खिडक्यांची दिशा, भिंतींतले उष्णतारोधक अस्तर, छत, माणसे असे सगळे धरतात. तरीही पुष्कळ ठिकाणी चौरस फुटांवरून अंदाज बांधला जातो. टन म्हणजे इथे यंत्राचे वजन नव्हे. लादीच्या बर्फाच्या जमान्यातले हे माप आहे. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी शोषणारे यंत्र एक टनाचे, आणि आपल्या दुकानातला 'दीड टनाचा एसी' त्याच बर्फाचा वारसदार आहे.

आता हवेच्या वाहतुकीकडे वळतो, कारण आमचे खरे दुखणे तिथेच होते. ढोबळ नियम असा की दर टनामागे कॉइलवरून मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा गेली पाहिजे. तीन टनांना १,२०० घनफूट. ही हवा कुठून येते? घरातूनच. आमच्या बोळकंडीच्या छताला जी मोठी जाळी आहे तिला रिटर्न म्हणतात. ब्लोअर तिथून खोल्यांमधली हवा ओढतो, फिल्टरमधून गाळून घेतो, कॉइलवरून ढकलतो आणि डक्टमधून पुन्हा खोल्यांमध्ये सोडतो. जेवढी हवा झरोक्यांतून सुटते तेवढीच रिटर्नमधून परत आली पाहिजे. निजायच्या खोलीचे दार बंद असेल आणि दाराखाली फट नसेल, तर त्या खोलीत शिरलेली हवा परत निघू शकत नाही, खोलीत दाब चढतो आणि पुढची हवा आत येईनाशी होते. दार लावले की खोली गार होत नाही, ही तक्रार अनेक घरांत असते आणि तिच्यावरचा उपाय दारवाल्या सुताराकडे असतो.

डक्ट माळ्यावरून नेण्याची इथली रीत मला आजही अजब वाटते. १३ अंशांची हवा ५०-५५ अंशांच्या माळ्यावरून, चंदेरी वेष्टनाच्या लवचीक नळ्यांतून न्यायची, म्हणजे माठ उन्हात ठेवून पाणी गार राहण्याची अपेक्षा करायची. जोड सैल झाले, नळी कुठे दुमडली किंवा वेष्टन फाटले की गारवा माळ्यालाच मिळतो. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या सांगण्याप्रमाणे सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोके आणि सैल जोडांमुळे वाया जाते. तोटा तेवढ्यावर थांबत नाही. घराबाहेर सुटलेल्या हवेची भरपाई म्हणून दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातले पाणी काढण्याचे काम पुन्हा कॉइलच्याच गळ्यात पडते.

या सगळ्यांना हुकूम देणारा थर्मोस्टॅट आपल्याला मोठा शहाणा वाटतो, पण त्याचे काम दिव्याच्या बटणासारखे आहे. २४ व्होल्टच्या बारीक, रंगीत तारा त्याच्यापासून निघतात. बहुधा पिवळी तार कॉम्प्रेसरला, हिरवी ब्लोअरला आणि पांढरी भट्टीला निरोप देते. खोली ठरलेल्या तापमानाच्या वर गेली की पिवळ्या तारेचा निरोप बाहेरच्या पेटीतल्या कॉन्टॅक्टर नावाच्या विजेच्या खटक्याला मिळतो, तो खट्‌कन मिटतो आणि २४० व्होल्टची वीज कॉम्प्रेसरला व पंख्याला पोहोचते. साध्या, एकाच वेगाच्या यंत्रात आकडा १८ वर नेल्याने घर लवकर गार होत नाही. यंत्र त्याच चालीने, फक्त जास्त वेळ चालते. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर लगेच सुरू करू नये म्हणून बहुतेक थर्मोस्टॅट सुमारे पाच मिनिटे थांबतात, कारण तेवढ्यात दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतात आणि मोटरला भाराखाली सुरुवात करावी लागत नाही. त्या मोटरला धक्का देणारा कपॅसिटर उन्हाळ्यात फुगून जातो, तेव्हा बाहेरची पेटी नुसती घुमते आणि सुरू होत नाही. टेक्सासमध्ये आणखी एक स्थानिक उपद्रव आहे, तो मुंग्यांचा. त्या कॉन्टॅक्टरमध्ये शिरतात, दोन पत्र्यांमध्ये चिरडतात आणि वीज पलीकडे जाऊ देत नाहीत. आपल्या हाताने ती पेटी उघडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असू शकतो.

आमच्या बर्फाचा उगम असा होता. मुले उन्हाळी शिबिराला गेली होती आणि बाबांनी रिकाम्या तीन खोल्यांचे झरोके खटके फिरवून बंद केले होते. "रिकाम्या खोल्यांना गारवा कशाला द्यायचा?" हा त्यांचा प्रश्न रास्त वाटतो आणि रिकाम्या खोलीतला दिवा घालवणाऱ्या घरात तो पडणारच. पण झरोका बंद केल्याने ब्लोअरला किंवा कॉम्प्रेसरला आपले काम कमी झाल्याचा निरोप जात नाही. कॉम्प्रेसर तीन टनांचाच राहतो, फक्त डक्टमधला दाब वाढून कॉइलवरून जाणारी हवा घटते. त्यात फिल्टर बदलायला मी चार महिने विसरलो होतो आणि तो राखाडी गोधडीसारखा झाला होता. हवा दोन्हीकडून कोंडली. हवा कमी म्हणजे कॉइलला मिळणारी उष्णता कमी, म्हणून रेफ्रिजरंट पुरेसा उकळेना, त्याचा दाब उतरला, दाबाबरोबर कॉइलचे तापमान शून्याखाली गेले आणि तिच्यावरचे पाणी ठिबकायचे सोडून गोठू लागले. बर्फाने पात्यांमधल्या फटी बुजवल्या, हवा आणखी घटली, बर्फ आणखी वाढला आणि जाड नळीवरून तो बाहेर डोकावू लागला. गॅस कमी असला तरी दाब उतरतो आणि असाच बर्फ धरतो, त्यामुळे बाबांचे निदान अगदीच निराधार नव्हते. पण हवेचा मार्ग आधी तपासल्याशिवाय ते करता येत नाही.

मी थंडावा बंद करून फक्त ब्लोअर चालू ठेवला. घरातल्या हवेने बर्फ वितळावा हा इरादा होता, आणि तो वितळलाही, पण एवढे पाणी एकदम उतरले तेव्हा शेवाळाने निम्मी बुजलेली ड्रेनची नळी त्याला पुरी पडली नाही. खालचे मोठे तबक भरले, तरंगता खटका उचलला गेला आणि थर्मोस्टॅटचा पडदा काळा झाला. आता वीजच गेली असे समजून आम्ही अर्धा तास गॅरेजमधल्या फ्यूजपेटीशी झटापट केली. दुसऱ्या दिवशी आलेल्या तंत्रज्ञाने नळ्यांना हात लावण्याआधी फिल्टर मागितला, मग घरभर फिरून झरोके मोजले. दाबमापक त्याने सर्वांत शेवटी काढले आणि गॅस बरोबर असल्याचे सांगितले.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती नवे यंत्र घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आमच्या यंत्राचे वय बारा वर्षांचे आहे. आर-२२ या जुन्या रेफ्रिजरंटचे नवे उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२० पासून बंद झाली, आणि २०२५ पासून आर-४१०एची नवी घरगुती यंत्रे बनवण्यावरही बंदी आली. त्यांच्या जागी आर-४५४बी आणि आर-३२ आले. यांतला आर-३२ भारतातल्या अनेक स्प्लिट एसींत आधीपासूनच आहे. हे दोन्ही किंचित ज्वलनशील असल्यामुळे त्यांच्या यंत्रांत सुरक्षेच्या वेगळ्या तरतुदी असतात, आणि जुन्या यंत्रात ते भरता येत नाहीत. म्हणून बाहेरची पेटी गेली की बहुधा माळ्यावरची कॉइलही बदलावी लागते. दोन्ही एकमेकींसाठी बनलेल्या असल्या तरच लेबलावरचा कार्यक्षमतेचा आकडा खरा ठरतो. जुन्या कॉइलला नवी पेटी जोडून खर्च वाचवू पाहणाऱ्याच्या हाती तो आकडा लागत नाही.

जाण्यापूर्वी त्याने रिटर्नच्या जाळीशी आणि जवळच्या झरोक्याशी एकेक तापमापक धरला. दोन्हींत ९ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असावा, आमच्याकडे तो १० भरला. बाबांनी तो आकडा आपल्या वहीत लिहून घेतला, खाली फिल्टर बदलल्याची तारीख लिहिली आणि मग स्टूल घेऊन तिन्ही खोल्यांचे झरोके उघडायला गेले.